मावशीची उजवी बाजू

मालिनीबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि इंजिनाच्या नाकाला वळसा घालून त्या पुन्हा उजव्या बाजूला आल्या. चष्मा स्वच्छ होता. चूक इंजिनावरच होती.

डाव्या बाजूला सगळं जिथल्या तिथे होतं. गडद लाल अंगावरून पिवळा पट्टा खिडक्यांखालून येत होता आणि दाराच्या थोडं अलीकडे तिरपा होऊन खाली उतरत होता. नंबर ड्रायव्हरच्या खिडकीखाली होता. उजव्या बाजूला मात्र तोच पट्टा दारावरून सरळ पुढे गेला होता, थेट नाकापर्यंत, आणि नंबर एसटीच्या पाटीसारखा मधोमध बसला होता.

नाशिकरोडच्या रेल्वे वसाहतीतल्या त्या बागेत उद्या सकाळी झेंडावंदनानंतर या इंजिनाचं अनावरण होतं. खुर्च्या आल्या होत्या, मंडपाचे बांबू पडले होते. खुर्च्या मांडायच्या होत्या त्या नेमक्या उजव्या बाजूला.

"गोटीराम," त्यांनी चौथऱ्यापाशी ब्रश धूत बसलेल्या पेंटरला हाक मारली, "ही बाजू कशावरून रंगवलीत?"

"मॉडेलावरून, मॅडम. तुमच्याच." गोटीराम हात पुसत उठला. त्याचा चेहरा फुलला होता. "डावी डावीवरून, उजवी उजवीवरून. दोरी लावून माप घेतलं. एक सूत इकडचं तिकडं नाय."

"ते दिसतंय," मालिनीबाई म्हणाल्या.

ते खरंच दिसत होतं. कंपनीच्या मॉडेलात नंबराचा शेवटचा आकडा किंचित खाली घसरला होता. गोटीरामनं तोसुद्धा तेवढाच घसरवला होता, इंजिनाच्या मापात.

मालिनीबाई अंबडच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, पुरी नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. रेल्वेच्या मॉडेलांचं वेड नवऱ्याचं. पण दिवाकररावांना गाड्या रुळांवर पळवायला आवडत, आणि मालिनीबाईंना त्या पळणाऱ्या इंजिनांवरच्या चुका दिसत. मूळ इंजिनाला भोंगा उजवीकडे, तर मॉडेलवाल्यानं डावीकडे लावलेला. मूळ इंजिनाच्या जाळीला पाच फटी, मॉडेलाला चार. त्या फोटो जमवत, भिंग लावून बसत आणि एकेक चूक दुरुस्त करत. देशभरचे हौशी लोक आता त्यांच्याकडे इंजिनं पाठवत.

त्यांची एक पद्धत होती, प्रयोगशाळेतली. एक नमुना हात न लावता ठेवायचा, म्हणजे आपण काय बदललं ते ताडून बघता येतं. मॉडेलाचीही आधी डावी बाजू पूर्ण करायची; उजवी तोवर कंपनीनं पाठवली तशीच. डावीनं समाधान झालं की मगच उजवी. मावशीच्या, म्हणजे या इंजिनाच्या, मॉडेलाची डावी बाजू झाली त्या दिवशी आभाचा, त्यांच्या मुलीचा, मालेगावहून फोन आला. धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या आणि आभाला दवाखाना बंद ठेवता येत नव्हता. मालिनीबाई गेल्या. काम टेबलावर राहिलं.

त्या मालेगावला असताना रेल्वेच्या मोठ्या साहेबांचा दौरा अचानक सव्वीस जानेवारीचा ठरला. बागेचं काम बघणारा शेखर धात्रक धावत घरी आला, रंगकामासाठी नमुना मागायला, आणि दिवाकररावांनी मोठ्या अभिमानानं टेबलावरचं मॉडेल त्याच्या हातात ठेवलं. मालिनीबाई काल रात्री परतल्या. आज सकाळी टेबल रिकामं दिसलं तेव्हा त्यांनी चहासुद्धा पूर्ण घेतला नाही, इंदिरानगरहून रिक्षा केली.

"गोटीराम, दोन बाजू वेगळ्या आहेत, हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. डोळे हायेत मला." गोटीरामला जरा लागलं. "म्या साहेबांना दावलं. तुमच्या मिस्टरांना. ते लय वेळ बघत बसले. या बाजूनं बघ, त्या बाजूनं बघ. मग म्हनले, मॅडमनं केलंय ना, मग तसंच असनार. तू बदलू नको."

मालिनीबाईंनी पट्ट्याला बोटाचं टोक लावून पाहिलं. रंग चांगला वाळला होता.

"उद्यापर्यंत बदलता येईल?"

"पिवळ्यावर लाल मारायचा, तो वाळल्यावर नवा पट्टा?" गोटीरामनं आभाळाकडे पाहिलं. "या थंडीत? लाल वाळायचा नाय आन् पिवळा ओघळून पार चाकावर येईल. तुमीच सांगा, तुमी तर रंगाच्याच कंपनीत व्हत्या."

त्यांना ते त्याच्याही आधी कळलं होतं. त्या फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून "नाही" ऐकायला थांबल्या होत्या.

"आन् बघतंय कोन, मॅडम! साहेब येतील, फीत कापतील, पेढा खातील, जातील."

"साहेबांचं काही नाही हो," मालिनीबाई म्हणाल्या. "सगळे जुने ड्रायव्हर येणार आहेत."

मावशी हे नाव ड्रायव्हरांनीच ठेवलेलं. कसारा घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जी इंजिनं लागतात त्यातलं हे एक. दुसऱ्याचं पोर ढकलत ढकलत वर आणून सोडायचं आणि एकटीनं परत खाली जायचं, म्हणून मावशी. दिवाकररावांनी कितीतरी वर्षं ती घाटात चालवली. ती भंगारात निघणार असं कळल्यावर त्यांनी अर्ज केले, साहेबांच्या दारात बसले, बदलून आलेल्या नव्या साहेबासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. सोबतचे ड्रायव्हर त्यांना हसत. "दिवाकर, स्वतःच्या मावशीची तरी इतकी चौकशी केली होतीस का रे?" शेवटी मावशी वाचली. उद्या तेच हसणारे लोक इगतपुरीहून, मनमाडहून येणार होते, आणि त्यांच्यासमोर मावशी अर्धी चुकीच्या कपड्यांत उभी राहणार होती. तीही मालिनीबाईंच्या हातून.

घरी आल्या तेव्हा दिवाकरराव गॅलरीत मटार सोलत बसले होते. एरवी मटार सोलताना ते एक तरी गाडी घाट चढवत. आज परातीत दाणे पडल्याचा तेवढा आवाज होता.

"बघून आलीस?"

"हो. गोटीरामनं काम सफाईनं केलंय."

"हं." त्यांनी एक शेंग हातात फिरवली. "सगळं बरोबर आहे ना?"

मालिनीबाईंनी पिशवी खुंटीला लावली. ती नीट अडकली होती तरी पुन्हा काढून लावली. आत्ता सांगितलं तर उद्याच्या दिवसाचं काय राहणार होतं? रंग तर बदलता येत नव्हता. कार्यक्रम झाला की सांगू, असं त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं, आणि रिक्षातून उतरेपर्यंत ते त्यांना पटेनासंही झालं होतं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

उत्तर मिळालं नाही याकडे दिवाकररावांचं लक्ष गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यांनी विचारलं नाही. मालेगावला असतानाच मालिनीबाईंना त्यांचं हे गप्प होणं जाणवलं होतं. फोनवर आधी नातवाला वीस मिनिटं इंजिनाचे आवाज काढून दाखवणारा माणूस हल्ली "बरं आहे, ठेवतो" म्हणू लागला होता.

चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "आपलं हे घर बांधताना गवंडी होता तो साळुंके ना?"

"हो. का हो?"

"काही नाही. आणि त्याच्या बायकोचं नाव लताबाई. वाळू चाळायची."

"लताबाईच. काय हवंय तुम्हाला तिच्याकडून आता?"

"काही नाही गं." त्यांनी कप खाली ठेवला. "शेखरला फोन करून सांग, उद्या मी बोलणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी बोलायला सांगा म्हणावं."

"अहो, तुमच्याशिवाय कोण बोलणार? तुमचंच इंजिन."

"बोलायला आठवायला लागतं."

ते हसून म्हणाले, पण पुढ्यातली शेवटची मूठभर सालं त्यांनी दाण्यांच्या परातीत टाकली. मालिनीबाईंनी ती वेचून काढली. दिवाकररावांचे थोरले भाऊ, नाना, शेवटची दोन-तीन वर्षं दिवाकररावांना पोस्टमन समजत आणि आपली मनीऑर्डर आली का विचारत. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. चार लोकांत बोलायची धास्ती असेल, असं मालिनीबाईंना वाटलं. आणि आपण उद्या त्या धास्तीत भरच घालणार, असंही.

सकाळी कडाक्याची थंडी होती. झेंडा फडकला, जिलेबी वाटली गेली आणि माणसं बागेत आली. ड्रायव्हर मंडळी साहेबांच्या आधीच पोहोचली होती. कानटोप्या, मफलर, नव्या गुडघ्यांचे दोन, आणि सगळ्यांचे आवाज घाटात शिट्टीवर मात करायची सवय असलेले. इंजिनावर मोठी भगवी चादर टाकली होती. खालून फक्त चाकं दिसत होती, आणि तेवढ्यावरूनच वाद सुरू झाले होते.

साहेबांनी दोरी ओढली. चादर घसरली. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबायच्या आत सोमनाथ गिते पुढे झाले. सिन्नरचे, दिवाकररावांबरोबर असिस्टंट म्हणून लागलेले, आणि पुढे आयुष्यभर त्यांना छळायचा परवाना असल्यासारखे वागणारे. त्यांनी कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे पाहिलं.

"दिवाकर, अरे ही कोण?"

"कोण म्हणजे? मावशी."

"ही मावशी? ही मावशीची जाऊ असेल. पट्टा बघ की! दारावरून सरळ गेलाय. आपल्या मावशीचा पट्टा दाराच्या आधी खाली उतरायचा."

"तो त्या बाजूला," दिवाकरराव म्हणाले. "तिकडून बघ. तिकडे खाली उतरतो."

सगळे तिकडे गेले, पाहून आले. मालिनीबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. साहेब कोणाशी तरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते.

"एका बाजूला सरळ आणि एका बाजूला तिरपा?" गिते म्हणाले. "इंजिन आहे का एका कानात डूल घातलेली नवरी?"

हशा पिकला. दिवाकररावही हसले, पण उशिरा.

"ओव्हरहॉलला गेली असेल तेव्हा केलं असेल," ते म्हणाले. "एकच बाजू रंगवली असेल. व्हायचं तसं."

"कधी व्हायचं? माझ्यासमोर तर नाही झालं."

"तू रजेवर असशील."

"दिवाकर, मी इतकी रजा घेतली असती तर माझं लग्न टिकलं असतं का रे? उलटंच सांगतो, लग्न टिकलं ते मी घाटात होतो म्हणून." पुन्हा हशा. मग गित्यांचा आवाज जरा खाली आला. "नाही रे, खरंच. दोन्ही बाजूला उतरायचा. तुला आठवत नाही?"

दिवाकररावांनी पट्ट्याकडे पाहिलं. त्यांचा डावा हात वर आला, दाराच्या उभ्या दांड्याच्या दिशेनं, आणि अर्ध्यातूनच मफलरवर गेला.

"हे मालिनीनं केलेल्या मॉडेलावरून रंगवलंय," ते म्हणाले. "फोटो बघून, भिंग लावून करते ती. तुझ्यामाझ्या आठवणीपेक्षा तिचं काम पक्कं. तिनं सरळ दाखवला असेल तर तो सरळच होता. आपण विसरलो." मग मागे वळून, "मालिनी, सांग गं यांना."

सगळे वळले. गोटीराम चौथऱ्याच्या टोकाला नवा शर्ट घालून उभा होता, तो एकदम बुटाच्या नाड्या बांधू लागला.

एक "हो" पुरला असता. गित्यांनी मान हलवली असती, वहिनी म्हणतायत तर असेल म्हणाले असते, आणि सगळे चहाकडे गेले असते. मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर तो माणूस त्यांच्या कामाची जामीनकी देत होता.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. "गितेभाऊजींचं बरोबर आहे. पट्टा दोन्ही बाजूंना खाली उतरतो. माझं मॉडेल अर्धंच झालं होतं. उजवी बाजू मी अजून हातात घेतलीच नव्हती, ती कंपनीची आहे, चुकांसकट. मी मालेगावला गेले, आणि हे असं झालं."

जिलेबीच्या कागदावर मुंग्या आल्या होत्या, तिकडे दोघं-तिघं पाहू लागले.

"दोन्ही बाजूंना?" दिवाकररावांनी विचारलं.

"दोन्ही."

"नक्की?"

"माझ्याकडे फोटो आहे. उजव्या बाजूचा. अहो, मला कालच सांगायला हवं होतं, मी..."

दिवाकरराव चौथऱ्याच्या कठड्यावर बसले. त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा मालिनीबाई घाईनं पुढे झाल्या. जवळ गेल्यावर कळलं, ते हसत होते. आवाज न करता, डोळे गच्च मिटून, हसत होते.

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"गोटीरामनं मला दाखवलं ना, तेव्हा मी म्हटलं, हे कसं काय? मला तर दोन्हीकडे तिरपा आठवतोय. मग म्हटलं, मालिनी चुकायची नाही. म्हणजे आपलंच गेलं. नानाचं गेलं तसं." त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "तेव्हापासून रोज झोपताना सगळे बोगदे मोजतोय. चाळीतले शेजारी मोजतोय. गवंडी मोजतोय."

"अहो, मग मला विचारायचं!"

"विचारलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

मालिनीबाईंनी नेलंच असतं.

"आणि सोम्या," दिवाकरराव एकदम उठले, "पट्टा खाली का उतरायचा ते तरी आठवतं का तुला? मोठा आलाय मला शिकवायला!"

"का म्हणजे? तसाच होता."

"तसाच होता म्हणे! इकडे ये." त्यांनी दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरला. "चढताना आपला डावा हात कुठे यायचा? इथे. हाताला काय असायचं? ग्रीस. हा पट्टा आधी सरळच होता, पार पूर्वी. आपल्या हातांनी इथे काळा व्हायचा. शेडमधला पेंटर दर वेळी शिव्या देत पुसायचा. एक दिवस कंटाळला आणि म्हणाला, तुम्ही हात धुणार नाही, मीच पट्टा वळवतो. काय नाव त्याचं? थांब, सांगू नकोस कोणी." त्यांची बोटं दांड्यावर ठोके मोजू लागली. "धोंडीराम. धोंडीराम वाघ. पान खायचा आणि ब्रशनंच चुना लावायचा!"

"धोंडीराम!" मनमाडचे एक जण ओरडले. "हां, हां! चुन्याच्या नादात एकदा पांढरा रंग खाल्ला होता त्यानं!"

मग काही कोणाला आवरता येईना. दारापाशी गर्दी झाली. नव्या गुडघ्यांच्या दोघांना वर चढायचं होतं. गोटीरामही नाड्या सोडून पुढे आला आणि धोंडीराम तिरपी रेघ दोरीनं मारायचा की हातानं, हे विचारू लागला. पुढच्या महिन्यात थंडी उतरली की उजवी बाजू तोच करून देणार, असंही त्यानं परस्पर जाहीर करून टाकलं.

शेखर माईक घेऊन मालिनीबाईंपाशी आला. "मॅडम, काल तुम्ही फोनवर म्हणालात दिवाकरराव बोलणार नाहीत, म्हणून मी दुसऱ्या..."

दिवाकररावांनी त्याच्या हातातून माईक घेतला.

ते बोलले. घाटातल्या धुक्याबद्दल बोलले, मागून ढकलणाऱ्याला पुढची गाडी कधीच पूर्ण दिसत नाही त्याबद्दल बोलले, डब्यात मेथीची भाजी आणून दुसऱ्याचं मटण खाणाऱ्या एका असिस्टंटबद्दल नाव घेऊन बोलले. गित्यांनी खालून दोनदा हरकत घेतली. पाहुण्या साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. शेखरनं चहा पुन्हा गरम करायला पाठवला.

मालिनीबाई खुर्ची उन्हात ओढून बसल्या. समोर ती चुकीची बाजू होती. सरळ पट्टा, घसरलेला आकडा, सगळं.

"आणि ज्या साली मी मावशीवर पहिल्यांदा चढलो," दिवाकरराव माईकवर सांगत होते, "त्याच साली आमचं लग्न झालं. अठ्ठ्याहत्तर साली."

लग्न एकोणऐंशी साली झालं होतं. मालिनीबाईंचा हात खुर्चीच्या हातावरून सवयीनं उचलला गेला. शेजारी बसलेल्या कोणाच्या तरी बायकोनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. हे साल ते लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापासून चुकवत आले होते.

त्यांनी हात खाली घेतला आणि पुढचं ऐकू लागल्या.